आमचा काड्यांचा पूल

गुरुजींनी सांगितले, "या खेपेच्या भित्तिपत्रकात तू पुलाविषयी लिही." मी म्हणाले, "बक्षीस तर मिळालं नाही, मग काय लिहू?" गुरुजी म्हणाले, "घडलं तसं लिही." म्हणून लिहीत आहे. लेख लांब झाला आहे. म्हणून तो दोन कागदांवर चिकटवला आहे. वाचणाऱ्यांनी कृपा करून दुसरा कागदही वाचावा, कारण खरी गोष्ट त्यातच आहे.

गेल्या डिसेंबरात तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शन होते. त्याबरोबर पूल बांधण्याची स्पर्धा होती. नियम असे होते. आईस्क्रीमच्या १०० काड्या आणि पांढरा डिंक, एवढेच सामान वापरायचे. खिळा नाही, तार नाही, दोरा नाही. दोन टेबलांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर ठेवणार, त्यावर पूल ठेवायचा आणि मधोमध बादली टांगून तीत वाळू ओतत जायची. पूल मोडेपर्यंत जेवढे वजन भरेल त्याला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागायचे. जो भागाकार येईल ते गुण. म्हणजे नुसता जाडजूड पूल करून उपयोग नाही. स्वतः हलका आणि उचलायला दांडगा, असा पाहिजे. शिवाय एक वही ठेवायची. तीत रोज काय केले, काय मोडले, काय बदलले ते लिहायचे. वहीलाही गुण होते.

गुरुजी म्हणाले, या स्पर्धेची गंमत ही की सगळ्यांना सामान सारखे. श्रीमंत शाळेला शंभर काड्या आणि आपल्यालाही शंभरच. अमेरिकेत एम.आय.टी. नावाची मोठी संस्था आहे. तिथे वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक १९७० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांना सारख्याच सामानाची एकेक पिशवी द्यायचे आणि त्यातून यंत्र बनवून शर्यत लावायला सांगायचे. पुढे तेच प्राध्यापक शाळेतल्या मुलांसाठी यंत्रमानवांच्या स्पर्धा सुरू करण्यातही होते. त्यातली पहिली १९९२ साली झाली. आमच्याकडे यंत्रमानव नव्हता. पण काड्या होत्या.

गटात तिघे. मी, खालच्या आळीची माझी मैत्रीण आणि सहावीतला बारक्या. बारक्या हे त्याचे नाव नव्हे, पण त्याला सगळे तसेच म्हणतात. तो आता माझ्यापेक्षा उंच आहे. त्याचे वडील सुतारकाम करतात, म्हणून काड्या कापण्याचे काम त्याच्याकडे.

पहिला पूल आम्ही चौकोनांचा केला. शिडी आडवी केल्यासारखा. दिसायला फार छान होता. त्यावर पुस्तके ठेवली. तीन किलोच्या आतच तो एका अंगाला कलला आणि बसला. काडी एकही मोडली नाही! आम्हाला वाटले, डिंक वाईट आहे. गुरुजींनी चार काड्या घेतल्या, कोपऱ्यात टाचण्या टोचून चौकोन केला आणि एका बोटाने ढकलला. चौकोन लगेच तिरका झाला. मग त्यात एक तिरकी काडी लावली. आता ढकला म्हणाले. आम्ही तिघांनी ढकलला तरी हलेना. चौकोन आपला आकार बदलू शकतो, त्रिकोण काडी मोडल्याशिवाय किंवा सांधा सुटल्याशिवाय बदलू शकत नाही, असे त्यांनी फळ्यावर काढून दाखवले.

ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा आबा (म्हणजे माझे आजोबा) हसायला लागले. म्हणाले, "आगं, वर बघ की. ही कैची न्हाई तर काय हाय?" मी वर बघितले. आमच्या घराच्या आढ्याला लाकडाची कैची आहे, धुराने काळी झालेली. जन्मापासून तिच्याखाली जेवते. पण ती त्रिकोणांची आहे हे कधी दिसलेच नव्हते. आबा म्हणाले, "चौकोनावर घर उभं ऱ्हातंय व्हय? वारं आलं की निजंल." त्यांनी तरुणपणी गावच्या ओढ्यावरचा साकव दर वर्षी चार माणसांबरोबर बांधलेला आहे. त्यात खालून धिरे कसे लावायचे ते त्यांनी राखेत बोटाने काढून दाखवले. दुसऱ्या दिवशी मी तेच चित्र वहीत काढले. गुरुजींनी त्याखाली तांबड्या शाईने 'उत्तम' लिहिले. मी ते पान आबांना दाखवले. आबांना वाचता येत नाही, पण तांबडी शाई कळते.

दुसरा पूल त्रिकोणांचा. त्याने ११ किलो उचलले. मग वरच्या बाजूच्या काड्या धनुष्यासारख्या बाहेर फुगल्या आणि काडकन गेल्या. खालच्या काड्या जशाच्या तशा. हे असे का? पुलावर भार आला की तो मध्ये खाली वाकू पाहतो. तेव्हा खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. ताण असला तर काडी सरळच राहते. दाब आला की ती मोडायच्या आधी वाकते. घरी करून बघा. झाडूचा एक लांब हीर घ्या आणि दोन्ही टोकांनी दाबा. लगेच वाकेल. त्याचाच अर्धा तुकडा घ्या आणि दाबा. बोटाला टोचेल, पण सहज वाकणार नाही. लांबी निम्मी केली की चौपट दाब सोसतो, असे गुरुजींनी सांगितले.

मग आम्ही वरच्या काड्या दुहेरी केल्या. इथे मी एक गोष्ट शिकले. दोन काड्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर वाकवायला दुप्पट जोर लागतो. पण त्याच पूर्ण अंगाने डिंक लावून चिकटवल्या तर हिशोबाने आठपट लागतो. मला हे खोटे वाटले. आम्ही काडीच्या टोकाला पिशवी टांगून करून पाहिले. आठपट नाही भरले, पण पाच-सहापट भरले. गुरुजी म्हणाले, तुमचा डिंक सगळीकडे लागला नसेल. तसे होतेही.

म्हणजे सगळे डिंकावर आहे. पांढरा डिंक ओला असताना दुधासारखा असतो आणि वाळला की काचेसारखा पारदर्शक होतो. तो रात्रभर दाबून ठेवावा लागतो. आम्ही आईचे कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे नेले. आई म्हणाली, "तुमचा पूल हुईल, पण माझी लुगडी वाऱ्यावर गेली त्यांचं काय?" (आईचे एकच पातळ उडाले होते आणि ते करवंदीच्या जाळीत सापडले.)

काम करताना गुरुजी पुलांच्या गोष्टी सांगत. कोलकात्याचा हावडा पूल १९४३ साली सुरू झाला. त्यात नटबोल्ट नाहीत, सगळे तुकडे रिव्हेटांनी जोडलेले आहेत. काश्मिरात चिनाब नदीवरचा रेल्वेचा पूल नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. तो २०२५ साली जूनमध्ये सुरू झाला. पण मला आठवत राहिली ती कॅनडातल्या क्वेबेक पुलाची गोष्ट. तो पूल बांधत असताना १९०७ साली त्याच्या खालच्या बाजूच्या, दाबाखाली असलेल्या लोखंडी कांबी थोड्या थोड्या वाकू लागल्या होत्या. जागेवरच्या एका तरुण अभियंत्याने ते मापून पाहिले आणि सांगायला तो न्यूयॉर्कला मोठ्या अभियंत्यांकडे गेला. त्यांनी तार केली, की पुलावर आणखी भार चढवू नका. पण तो निरोप पुलापर्यंत पोहोचलाच नाही. २९ ऑगस्टला संध्याकाळी पूल नदीत पडला. वर ८६ कामगार होते. त्यांतले ७५ मेले.

गोष्ट संपल्यावर बारक्या म्हणाला, "गुरुजी, वाकलंय हे दिसत असताना लोक वर काम कसं करत होते?" गुरुजींनी उत्तर दिले नाही. म्हणाले, "चिमटे काढा आता, वाळला असेल."

आपल्याकडेही २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल महापुरात गेला. दोन एस.टी. गाड्या त्यात वाहून गेल्या. आमच्या घरी अजून कोणी पावसात रात्रीच्या गाडीने निघाले की आबा ती आठवण काढतात.

तिसरा पूल तयार झाला. ९४ काड्या लागल्या. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केले, १६५ ग्रॅम. खालच्या बाजूचे सांधे बारक्याने इतके नीट बसवले होते, की नख घातले तरी फट सापडत नव्हती. सगळे डिंक दोन दिवस वाळले होते. पूल माझ्या घरी ठेवायचा ठरला, कारण सकाळची एस.टी. आमच्या घरासमोर थांबते.

(इथून दुसरा कागद.)

रात्री जेवणे झाली. पूल फडताळावर पुठ्ठ्याच्या खोक्यात होता. मला पुन्हा एकदा बघावासा वाटला. बघायचे काही कारण नव्हते. मी तो काढला, दिव्याखाली धरला आणि दोन्ही टोकांना धरून जरासा पिळून पाहिला. किती घट्ट आहे ते बघायला. टक् असा आवाज झाला. खालच्या बाजूचा डावीकडून तिसरा सांधा सुटला होता.

तेव्हा साडेनऊ वाजले होते. गाडी सकाळी साडेसहाची. मी सांध्यात डिंक भरला, चिमटा लावला आणि खोके परत फडताळावर ठेवले. झोप लागली नाही. पहाटे पाचला चिमटा काढला. सांधा घट्ट वाटला. पण कडेने डिंक पांढरा होता, काचेसारखा झाला नव्हता. मी ओल्या फडक्याने कडा पुसून घेतली, म्हणजे दिसू नये.

गाडीत तिघे एका बाकावर बसलो. मैत्रिणीने विचारले, "रात्री ठीक होता ना?" मी हो म्हणाले. वही माझ्याच मांडीवर होती.

प्रदर्शनात १९ गट होते. एका गटाचा पूल इतका गुळगुळीत होता की तो विकत आणल्यासारखा दिसत होता. परीक्षकांनी मुलाला विचारले, ही काडी तिरकी का लावली? तर तो मागे वळून कोणाकडे तरी बघू लागला. आम्हाला मात्र सगळे सांगता आले. मैत्रिणीने कैचीचे सांगितले, आबांचे चित्र दाखवले. परीक्षकांत एक बाई होत्या. त्या बांधकामाच्या खात्यातून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी ते चित्र दुसऱ्या परीक्षकांनाही दाखवले.

मग वाळू. पाच किलो, काही नाही. दहा किलो, पूल हलला नाही. लोक जवळ आले. बारा. बारक्या ओठ चावत होता. त्याच्या हिशोबाने पंचवीसपर्यंत जायला पाहिजे होता. १४ किलो २०० ग्रॅमला पूल गेला. आवाज मोठा झाला नाही. तसलाच टक् झाला.

१४ किलो २०० म्हणजे आमच्या पुलाच्या वजनाच्या ८६ पट. सातवा नंबर. पहिला नंबर आलेल्या गटाने १८० पट उचलले. त्यांचा पूल खरोखर चांगला होता. त्यांनी तो कमानीसारखा केला होता.

परीक्षक बाईंनी मोडलेला सांधा हातात घेतला, नखाने खरवडला आणि डोळ्याजवळ नेला. मग आम्हा तिघांकडे पाहिले. "हा सांधा कधी चिकटवला?"

बारक्या म्हणाला, "परवा, बाई."

मी गप्प बसले. बाई माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत होत्या असे मला वाटले, पण तसे नसेलही. त्या एवढेच म्हणाल्या, "वही छान ठेवली आहे. पण याच्याविषयी तीत काही दिसत नाही." आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

परत येताना बारक्या बोलला नाही. सांधा त्याचा होता. तो मोडलेल्या काडीचे तोंड बोटाने पुन्हा पुन्हा चाचपत होता. "माझी काडी आखूड कापली गेली असणार," एवढे एकदा म्हणाला. घरी त्याला बोलणीही खावी लागली, की सुताराच्या पोराला काडी कापता येईना. दोन दिवस तो शाळेत आला नाही. ताप आलाय असे कळवले होते. मी घरासमोरून दोनदा गेले. तो अंगणात बसलेला होता.

त्याच आठवड्यात मी आबांबरोबर ओढ्यापलीकडच्या शेतात गेले होते. आमच्या गावाचा साकव तुम्हाला माहीत आहे. आठवीपासूनची शाळा त्याच्या पलीकडे आहे, म्हणजे जूनपासून मला रोज त्यावरून जायचे आहे. आबा साकवावर पाय ठेवण्याआधी काठीने प्रत्येक ओंडक्यावर ठोकतात आणि आवाज ऐकतात. मला पूर्वी त्याचे हसू यायचे. मागच्या पावसाळ्यात याच साकवाचा एक ओंडका सुटला होता, आणि वरच्या आळीच्या काकू घागरीसकट खाली पडल्या. त्यांचा पाय अजून नीट झालेला नाही. मी आबांना विचारले, "ओंडका सुटलाय हे कोणाला माहीत नव्हतं का?" आबा ठोकत ठोकत पुढे गेले आणि म्हणाले, "व्हतं की. दोघातिघांनी बघितल्यालं. ज्येला त्येला वाटलं, दुसरा सांगंल."

मला शेतात काही काम सुचेना. आबांनी विचारले, "पोटात दुखतंय का?" मी हो म्हणाले. ते खोटे नव्हते.

सोमवारी मी गुरुजींना सगळे सांगितले. मला वाटले ते रागावतील. ते बराच वेळ हजेरीच्या पटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मला सांगून काय? सांधा माझा होता का?"

मधल्या सुट्टीत बारक्या पंपावर पाणी पीत होता. मी दांडा हाणत होते आणि हाणता हाणता सांगून टाकले. रात्रीचे, चिमट्याचे, फडक्याने पुसल्याचे. तो ओंजळ तशीच धरून उभा राहिला. पाणी सगळे गळून गेले. मला वाटले आता हा मारणार. त्याने विचारले, "म्हंजे माझी काडी बरोबर होती?"

मी म्हणाले, "बरोबर होती."

तो तसाच दप्तर न घेता घरी पळाला. वडिलांना सांगायला. मैत्रीण मात्र माझ्याशी चार दिवस बोलली नाही. ती म्हणाली, "गाडीत मी विचारलं होतं." त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हते आणि आजही नाही. आता बोलते, पण पूर्वीसारखी लगेच हसत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही मोडलेला पूल दुरुस्त केला. मोडलेल्या दोन काड्या बदलल्या, तिसरा सांधा बारक्याने नव्याने बसवला आणि तीन दिवस कोणीही हात लावायचा नाही असे ठरले. मंगळवारी वर्गात दोन बाकांमध्ये पूल ठेवून वाळू ओतली. या खेपेला पूल १६८ ग्रॅम भरला. त्याने २३ किलो ६०० ग्रॅम उचलले. मोडला तो दुसऱ्याच जागी, वरच्या काडीत. तिसरा सांधा शेवटपर्यंत सुटला नाही. बारक्याने खडूने फळ्यावर भागाकार केला. १४० पट आले. तिसरा नंबर मिळालेल्या गटाचे १३१ होते. वर्गात कोणी काही म्हणाले नाही. मी वाळू गोळा करत राहिले.

वहीचे शेवटचे पान कोरे होते. त्यावर मी त्या रात्रीची वेळ, डिंक, चिमटा आणि पहाटेची वेळ लिहिली आहे. खाली तिघांच्या सह्या आहेत. मैत्रिणीने सही सर्वांत शेवटी केली.

पूल आणि वही दोन्ही या भिंतीच्या डावीकडच्या कपाटावर ठेवली आहेत. पालकांना बघायचे असल्यास गुरुजी काढून देतील. तिसऱ्या सांध्यावर बारक्याने निळ्या शाईची खूण केली आहे. पूल खालून धरावा, टोके पिळू नयेत.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी